परतीची भाकर

१

त्या साली होळीच्या आतच विहिरींनी तळ दाखवला, आणि दूध संस्थेपुढं सकाळी लागायची ती रांग, रांग म्हणायलाही लाज वाटावी इतकी रोडावली. अयोध्या तरी नेमानं जायची. म्हशीनं कृपा करून दिलेलं चंबूभर दूध पदराखाली झाकून न्यायची आणि सेक्रेटरी ईरण्णापुढं ठेवायची. ते मापात ओतताना ईरण्णा असं तोंड करायचा, की बाईनं दूध नव्हे, मेलेली पाल आणून ठेवलीय. दुष्काळात एवढा ताठा फक्त संस्थेच्या सेक्रेटरीलाच परवडतो.

त्या दिवशी मात्र स्वारी खुशीत होती. शेडमध्ये पालथ्या घातलेल्या कॅनींवर गावातले गडी बसले होते आणि डोंगरावर मुक्कामाला जायचं ठरत होतं.

"ताडपत्री संस्थेची घेऊ," ईरण्णा म्हणाला. "वर रातच्याला वारं लई सुटतंय."

"आन पानी?" श्रीमंतनं विचारलं. श्रीमंत म्हणजे अयोध्याचा नवरा. सगळ्यांच्या मागं, दाराच्या उन्हात बसला होता.

"पानी कॅनीत न्यायचं. न्हायतरी रिकाम्याच पडल्यात."

"कॅनीला दुधाचा वास मारतोय राव."

"मग चहात दूध घालायचं वाचलं की लेका!"

सगळे हसले. मग गॅसबत्ती न्यायची की नुसता कंदील, यावर वाद झाला. गॅसबत्ती हवी सगळ्यांना होती, डोक्यावर घेऊन चढायला कुणी तयार नव्हतं. शेवटी ईरण्णानं श्रीमंतकडं बघितलं आणि श्रीमंतनं मान हलवली. त्याला नाही म्हणता येत नसे. अयोध्याला त्याचा हा गुण कधी कधी इतका छळायचा की वाटायचं, याला धरून गदागदा हलवावं. आणि याच गुणापायी तिचा त्याच्यावर जीवही होता.

गावाच्या वरच्या अंगाला तो डोंगर. बालाघाटाची एक उघडीबोडकी फांदी, ना झाड ना झुडूप. पाऊसकाळ नीट झाला तर त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. दुष्काळ पडला की घराघरातून एक गडी वर जातो, एक रात्र काढतो आणि सकाळी उतरतो. का, ते कुणी सांगत नाही. विचारणाऱ्याला येड्यात काढतात. मागं गेले होते ते बहात्तरला.

अयोध्या माकणीकडची, सपाट मुलखातली. तिला ती सहलच वाटली. नवरा वाशीच्या आठवडी बाजारापलीकडं कुठं गेलेला तिनं बघितला नव्हता. चंबू विसळून ती निघाली, तेवढ्यात शेड झाडणाऱ्या कडूबाईनं तिला थांबवलं. म्हातारी डोळ्यांनी पार अधू झाली होती. माणूस ओळखायला ती हात लावून बघायची.

"श्रीमंताची बायकू नव्हं तू? परतीची भाकर ठावं हाय का तुला?"

"शिदोरी का मावशी?"

"शिदोरी येगळी. ही हितंच ऱ्हाती. जो जाणार त्याच्या अंगावरच्या जुन्या कापडात बांधायची. कापड फाडायचं आईनं, गाठ मारायची बायकूनं. म्या हितं आढ्याला टांगती. सकाळी खाली उतरला की ज्यानं त्यानं आपली वळखून घ्यायची, हितंच घास खायचा, मंग गावात पाय ठिवायचा."

"आन एखाद्याला सापडली न्हाय तर?"

कडूबाई पुन्हा झाडू लागली. "सापडती की," ती म्हणाली. "ज्याची असती तो येतोच."

२

जायच्या दिवशी घरी श्रीमंतनं सकाळपासून ओसरीवर पसारा मांडला होता. सोलापुरी चादर, घोंगडं, कंदील, विडीकाडी, दाढीचा आरसा. आरसा कशाला, असं अयोध्यानं विचारलं तर म्हणाला, "वर सूर्य उगवतो तवा आरशात धरायचा. गावात बसून तुला चमकताना दिसंल."

"येडच हाय माणूस," ती म्हणाली, आणि आत जाऊन धपाट्याचं पीठ मळता मळता एकटीच हसली.

हरणाबाई, म्हणजे तिची सासू, खांबाला टेकून हे सगळं बघत होती. ही बाई सहसा बोलत नसे. बोलली तर कामापुरतं, आणि त्यातही थोरल्याचं नाव निघायचंच. थोरला म्हणजे धुळाप्पा. बहात्तरला विहिरीत सुरुंग उडवताना गेला. हाती लागलं तेवढं पुरलं, असं लोक सांगत, आणि सांगताना आवाज खाली आणत. अयोध्या या घरात आली त्याच्या कितीतरी नंतर. तिनं त्याला बघितलेला नव्हता, त्याचा फोटोही कुठं नव्हता. पण या घरात जेवायला बसलं तरी त्याच्या शेजारी बसल्यासारखं वाटायचं. थोरला असता तर विहीर फुटली असती. थोरला असता तर चार म्हशी असत्या. श्रीमंत हे ऐकत ऐकत थोरल्याचीच धोतरं नेसून मोठा झाला होता, आणि त्याला त्याचं काही वाटतही नसे.

हरणाबाई उठली, पसाऱ्यापाशी आली आणि एकेक वस्तू बाजूला काढू लागली. आधी आरसा काढला, मग चादर, मग घोंगडं.

"आत्याबाई, वर वारं असतंय म्हणं," अयोध्या आतून म्हणाली.

"एका रातीचं तर हाय. कशाला वझं?"

"पर घोंगडं तरी..."

"घोंगडं घरात लागंल."

श्रीमंतनं हसून मान हलवली. "ऱ्हाऊ दे गं. शेकोटी आसंल की." आणि तो म्हशीला बघायला परड्यात गेला.

मग एक गोष्ट झाली. हरणाबाईनं आतल्या खोलीतली लोखंडी ट्रंक उघडली. त्या ट्रंकेला अयोध्यानं इतक्या वर्षांत हात लावलेला नव्हता. किल्ली म्हातारीच्या कंबरेला असायची, झोपेतसुद्धा. आतून तिनं एक जुनं धोतर काढलं, पिवळट पडलेलं, घडीवर घडी बसलेलं. त्याची एक पट्टी टर्रकन फाडली. त्या आवाजानं परड्यात म्हैस दचकून उठली.

"हे घे. ह्यात बांध."

"त्यांचं हाय?"

"मग कुणाचं? ह्याच घरचं हाय की." आणि मग म्हातारी जे कधी करत नसे ते तिनं केलं. सुनेच्या गालावरून हात फिरवला. "गाठ चांगली मार हां बाय. तुझ्या हाताला बरकत हाय."

आता खरं सांगायचं तर अयोध्याला भरून आलं. इतक्या वर्षांत या बाईच्या तोंडून तिला गोड शब्द मिळालेला नव्हता. तव्यावरची भाकर काढून तिनं पट्टीवर ठेवली आणि त्या गरम भाकरीच्या वाफेबरोबर कापडातून एक वास वर आला.

तो वास तिला माहीत होता. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला ती जायची, तिथं सुरुंग उडाला की असाच वास तासभर हवेत राहायचा. जळालेली दारू आणि दगडाचा भुगा.

श्रीमंत तर सुरुंगाच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. लांबून शिट्टी ऐकली तरी कानात बोटं घालून शिवाराबाहेर पळायचा. त्याच्या धोतराला हा वास कसा? मग तिनं स्वतःचीच समजूत घातली. थोरल्याची धोतरं यानं नेसलीच होती. असंल त्यातलं. यानं वापरलं म्हणजे याचंच की. शिवाय म्हातारी आपल्या पोटच्या पोराच्या बाबतीत चूक कशी करेल?

तिनं गाठ मारली. चांगली घट्ट मारली.

३

दुपारी बायका आपापली गाठोडी घेऊन शेडमध्ये जमल्या. चेष्टामस्करी चालली होती. कुणाची भाकर जळालेली, कुणाचं कापड इतकं विरलेलं की गाठ टिकेना. "अगं, ह्यानं नवरा अर्धाच यील की!" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या.

कडूबाई बाजेवर उभी होती. एकेक गाठोडं हातात घ्यायची, कापड बोटांत चुरगाळून बघायची आणि ज्याचं त्याचं नाव मोठ्यानं घ्यायची. मग वर आढ्याला बांधून टाकायची. ईरण्णाचं झालं, बाकीच्यांची झाली. अयोध्याचं गाठोडं तिच्या हातात आलं आणि तिची बोटं थांबली.

तिनं कापड परत चाचपलं. नाकाशी नेलं. मग बाजेवरून खाली उतरली, ती बाज ओढत शेडच्या पार दुसऱ्या टोकाला नेली आणि तिथं, बाकी सगळ्यांपासून लांब, ते टांगलं.

"मावशी, नाव घेतलं न्हाय," अयोध्या म्हणाली.

"घेतलं की."

"मला ऐकू आलं न्हाय."

"तुला ऐकायला घेतलंच न्हवतं."

बायकांची मस्करी बंद झाली. एकीनं चंबू उचलला, एकीनं पोर कडेवर घेतलं. बघता बघता शेड रिकामं झालं. अयोध्या तिथंच उभी राहिली. तिला विचारायचं होतं, माझंच तेवढं लांब का? पण कडूबाई पाठ करून बसली होती आणि आढ्याखाली लोंबणाऱ्या गाठोड्यांमधून भाकरीचा वास येत होता. दुसऱ्या टोकाकडून मात्र तो दुसराच वास येत होता. उन्हानं पत्रा तडतडत होता. मनाचे खेळ आहेत, ती स्वतःला म्हणाली, आणि घराकडं चालू लागली.

४

उन्हं कलायच्या आत माणसं निघाली. ईरण्णा पुढं, त्याच्यामागं कॅनी, ताडपत्री, हलगी. श्रीमंत सगळ्यांच्या मागं. डोक्यावर गॅसबत्ती, खांद्यावर धपाट्यांची पिशवी, पायांत तळ फाटलेल्या वहाणा. अंगावर पांघरायला काही नाही.

"येतो बाई," तो आईला म्हणाला. आईला तो बाईच म्हणायचा.

हरणाबाई दारात आली नाही. आतूनच म्हणाली, "जा."

"तुमी सकाळी लवकर उतरा," अयोध्या म्हणाली. "बाकीचे रेंगाळू देत."

"पळत येतो बघ," तो म्हणाला आणि गेला.

ती आत आली तर घरात जात्याचा आवाज येत होता. हरणाबाई दळत होती आणि दळता दळता ओवी गुणगुणत होती. अयोध्या उंबऱ्यातच थबकली. या घरात तिनं गाणं ऐकलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही.

"काय दळताय आत्याबाई?"

"हुलगं. सकाळी त्याचं पातळ माडगं करीन म्हणते. वरून उतरून येणाऱ्याला गरम गरम बरं."

"पर त्यांना हुलगा चालत न्हाय. अंगावर गांधी उठतात."

"चालंल," हरणाबाई म्हणाली आणि पुन्हा गुणगुणू लागली.

परड्यात श्रीमंतचं घोंगडं वाळत घातलेलं होतं. ओसरी नव्यानं सारवली होती. पाण्याचा थेंब मोजून वापरायच्या दिवसांत म्हातारीनं ओसरी सारवली होती! खुंटीवरचा श्रीमंतचा सदरा काढून कोपऱ्यात पोतेऱ्याजवळ टाकलेला होता. खुंटी रिकामी होती. कुणी येणार असल्यावर करतात तशी सगळी तयारी होती.

 अयोध्यानं तो सदरा उचलला, झटकला आणि छातीशी धरला. त्याला घामाचा आणि म्हशीचा वास होता. दुसरा कसलाही नव्हता.

५

"आत्याबाई, ती पट्टी कुणाच्या धोतराची होती?"

जातं थांबलं. हरणाबाईनं तोंड वर केलं. तिला खोटं बोलायची गरजच वाटली नाही, आणि हेच सगळ्यात वाईट होतं.

"थोरल्याच्या."

"तुमी म्हणला ह्यांचं हाय."

"म्या म्हणलं ह्याच घरचं हाय."

"आवं, त्यो मेलाय! चौदा वर्सं झाली त्याला मरून!"

"मला सांगती?" म्हातारी शांतपणे म्हणाली. "म्या गोळा केलाय त्याला, कपारीतनं. पाटीत."

 अयोध्या भिंतीला धरून खाली बसली. "श्रीमंत तुमच्या पोटचा न्हाय का?" तिनं विचारलं.

"हाय की. गुणाचं लेकरू हाय. पर थोरला थोरला असतो बाय." हरणाबाईनं मूठभर हुलगे जात्यात सोडले. "तवाच्या दुष्काळात त्याची भाकर बांधायचं माझ्या ध्यानात आलं न्हाय. डोस्कंच ठिकाणावर नव्हतं. मग वाट बघत बसले. दर साली आभाळाकडं बघायची. लोक पाऊस पडू दे म्हणायचे आन म्या म्हणायची, नको पडू."

"तुमी राक्षीण हाव," अयोध्या ओरडली. "म्या सगळ्या गावाला सांगते!"

"सांग. गाव काय म्हणंल? फाडलं म्या," ती म्हणाली, "गाठ तू मारली."

अयोध्या धावत सुटली. डोक्यावरचा पदर कधी पडला, वहाण कुठं निसटली, तिला भान नव्हतं. गावाबाहेरच्या कोरड्या ओढ्यापाशी ती थांबली. डोंगराच्या वाटेवर बायकांनी इथूनच मागं फिरायचं, हे तिला बजावलेलं होतं. पण ती त्यापायी थांबली नाही, तिला धापच इतकी लागली होती. वर चढणीवर माणसांची ओळ दिसत होती. सगळ्यात शेवटी गॅसबत्तीची काच चमकत होती.

"आवं! माघारी या!" ती ओरडली. "माघारी या! भाकर तुमची न्हाय!"

ओळीतल्या कुणीच वळून बघितलं नाही. फक्त शेवटचा थांबला. त्यानं एका हातानं गॅसबत्ती सावरली, दुसऱ्या हातानं खांद्यावरची दस्ती काढली आणि तिच्याकडं बघून हलवली. बायको निरोप द्यायला ओढ्यापर्यंत आली, याचा त्याला केवढा आनंद झाला असणार! तो कितीतरी वेळ दस्ती हलवत राहिला. मग पुढून कुणीतरी हाक मारली असावी. तो वळला आणि चढू लागला.

६

दिवस बुडताना ती शेडपाशी आली. पदराखाली नवी भाकर होती, श्रीमंतच्या सदऱ्याची बाही फाडून तीत बांधलेली. बाही तिनंच फाडली होती. आईनं फाडायची असते, पण आता आई आणायची कुठून?

शेडला कुलूप होतं आणि किल्ली ईरण्णाबरोबर डोंगरावर. दारापुढं कडूबाई बसली होती.

"मावशी, चूक झाली. ही घ्या. ही त्यांची खरी. ती काढा आन ही टांगा."

कडूबाईनं गाठोडं चाचपलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, दया म्हणावी असं. तरी तिनं ते परत केलं. "एका घरची एकच, बाय."

"मग ती काढून टाका! जाळून टाका!"

"टांगलेली काढता येत न्हाय. ज्याची त्यानंच काढायची."

"तुमाला ठावं होतं. हातात घेतल्या घेतल्या कळलं होतं तुमाला."

"कळलं होतं. पर कापड फाडणारी आई हाय. तिच्यापुढं म्या कोण?"

अयोध्या खिडकीशी गेली. गजांना धरून तिनं आत बघितलं. संधिप्रकाशात गाठोड्यांची रांग लोंबत होती, एकदम स्तब्ध. वारा नव्हताच. मग तिनं दुसऱ्या टोकाकडं नजर नेली. तिथलं गाठोडं हळूहळू फिरत होतं. एका बाजूला पीळ पडेपर्यंत फिरायचं, थांबायचं, मग उलटं फिरायचं. खालून कुणी बोटानं कापडाची पारख करावी, तसं. उंदीर असंल, ती स्वतःला म्हणाली. दोरी नवी असली की फिरतेच. उंदीर असंल किंवा दोरी.

शेडमध्ये कॅनीचं एक झाकण खडखडलं. रिकाम्या कॅनी सगळ्या डोंगरावर गेल्या होत्या, हे तिला घरी पोचल्यावर आठवलं.

७

सकाळी सगळं गाव शेडपुढं जमलं. माणसं उतरत होती. घसे बसलेले, कपडे धुळीनं माखलेले, चेहरे खुशीत. ओढ्यापासून शेडपर्यंत धुरळ्याचा पट्टा लागला होता. ईरण्णानं कुलूप काढलं, आपलं गाठोडं ओळखलं, घास मोडला आणि "वर लई गार वारं राव" म्हणत गावाकडं चालू लागला. एकेकजण येत होता, आपलं कापड ओळखत होता, खात होता, जात होता. कुणी रेंगाळत नव्हतं. गेलेल्यांपैकी कुणी मागं वळूनही बघत नव्हतं.

श्रीमंत शेवटी आला. डोक्यावर गॅसबत्ती होती. ओठ काळेनिळे पडले होते, रात्रभर कुडकुडला असावा. तरी अयोध्याला बघून तो हसला. ती पळतच त्याच्याकडं गेली. डोळ्यांतलं पाणी तिला आवरेना. जिवंत आहे. आला आहे. आता एवढा एक घास खाऊ दे, मग कुणाच्या बापाला भीत नाही.

"माझी कुठंय गं?" त्यानं वर बघत विचारलं. रांग संपली होती. टोकाचं एकच गाठोडं उरलं होतं.

"हीच! हीच तुमची. काढा आन खावा. जल्दी करा."

तो बाजेवर चढला. गाठोड्याला हात घातला. आणि अयोध्यानं बघितलं, त्याच्या बोटांनी ते कापड ओळखलं. ओळखणारच. त्यातच तर तो वाढला होता.

"ही दादाची हाय," तो म्हणाला.

"आवं, तुमी बी नेसलाय की ते!  तुमचंच झालं ते. खावा!"

"नेसलोय. पर हाय दादाचंच." त्यानं हात मागं घेतला आणि खाली उतरला. त्याच्या तोंडावर राग नव्हता, भीती नव्हती. चुकून दुसऱ्याच्या ताटावर बसल्यासारखा तो नुसता ओशाळला होता. "दादाची म्या कशी खाऊ?"

"खावा म्हणते ना!" तिनं त्याचा हात धरून ओढला. त्या हाताला बर्फासारखा गारठा होता. "तुमाला माझी शपथ हाय. एक डाव न्हाय म्हणा की कुणाला तरी! एक डाव तरी!"

तेव्हा मागून हरणाबाई आली. तिच्या एका हातात पाण्याचा तांब्या होता, दुसऱ्या हातात माडग्याची वाटी, वाफा निघत असलेली. तिनं डोक्यावरून पदर नीट घेतला होता. ती श्रीमंतकडं बघत नव्हती. त्याच्या खांद्यावरून पलीकडं, ओढ्याच्या वाटेकडं बघत होती, आणि तिचा सगळा चेहरा हलत होता.

शेडच्या सावलीत झोपलेलं कुत्रं उठलं आणि शेपूट पायांत घालून गावाकडं निघून गेलं. कडूबाईनं आपले अधू डोळे मिटून घेतले.

अयोध्यानं वाटेकडं बघितलं. एक जण उतरून येत होता. सावकाश. सगळ्यांच्या पायांनी धुरळा उडाला होता, याच्या पायांखाली माती तशीच होती. धोतराचा सोगा त्यानं तोंडावरून घेतला होता. चालताना त्याचा एक हात हलत होता, आणि दुसऱ्या बाजूला काही हलत नव्हतं. वाऱ्याची झुळूक नव्हती तरी तो वास तिच्यापर्यंत आला. तिनं मान खाली घातली. तिच्यानं पुढं बघवेना.

"आला गं माझा," हरणाबाई म्हणाली. मग धाकट्याकडं वळली. तिचा आवाज मऊ होता. लहान पोराशी बोलतात तसा. "श्रीमंता, बाजूला हो बाबा. त्याला वाट दे."

अयोध्यानं नवऱ्याचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. तो हात हळूच, न दुखवता, तिच्या मुठीतून निघून गेला. श्रीमंत बाजूला सरकला. शेडच्या बाहेर, वाटेच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला जाऊन उभा राहिला.

"एवढं पुरं का, बाई?" त्यानं विचारलं.

"आनखी जरा," हरणाबाई म्हणाली.

आणि तो आणखी जरा सरकला.